आधी अंदाज, मग क्लिक



आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी शाळांत प्रोजेक्टर येऊ लागलेत, कुठे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून संगणक दिलेत. चांगलंच आहे. पण त्यावर नुसते व्हिडिओच लावायचे असतील, तर फळा काय वाईट होता?

दहावीचा विजेचा धडा घ्या. एक सेल, एक बल्ब, दोन वायरी. बल्बच्या अलीकडे विद्युतधारा जास्त की पलीकडे? वर्गाला विचारून बघा. बरीच मुलं ठासून सांगतात, "अलीकडे जास्त. बल्ब थोडी खातो की!" उत्तर चुकलं, पण मुलानं डोकं चालवलंय. त्याला लगेच गप्प करू नका. हात वर करायला लावा, कोण काय म्हणतं ते फळ्यावर मांडा. मगच 'फेट' या संकेतस्थळावरचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा प्रयोग, उघडा आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना ॲमीटर जोडा. दोन्हीकडे आकडा तोच! मग खर्च काय झालं? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला, की सेलमधल्या ऊर्जेविषयी बोलायला खरी सुरुवात होते.

भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' सुरू केलं. ते फुकट आहे, त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. खेड्यातल्या शाळेला ही शेवटची गोष्ट फार मोलाची. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आहे. अर्धवर्तुळातला कोन बिंदू सरकवला तरी 90 अंशांचाच राहतो, हे मूल स्वतः बघतं. सिद्धता मात्र वहीतच लिहायची. शंभर वेळा दिसलं म्हणून ते सिद्ध होत नाही.

आणि टेबलावर खरा सेल, खरा बल्ब हवाच. पडद्यावर शॉर्टसर्किट झालं तर बॅटरीवर ज्वाळा दिसतात, पण वायर तापते म्हणजे काय, हे बोटालाच कळतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. आपली अडचण जरा वेगळी आहे. आपली मुलं मराठीत शिकतात, पण परीक्षा कर्नाटक बोर्डाची देतात. महाराष्ट्रासाठी केलेलं साहित्य भाषेनं आपलं, धड्यांच्या क्रमानं परकं. दोन्हींचा मेळ घालण्याचं काम आपल्याच शिक्षकांना करावं लागेल. त्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीच्या विज्ञान शिक्षकांनी मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस एकत्र बसावं. आपल्या पुस्तकातल्या प्रत्येक धड्यासमोर योग्य सिम्युलेशन आणि ते उघडण्याआधी विचारायचे दोन-तीन प्रश्न, एवढंच लिहून काढायचं. जागा आणि जेवणाची सोय इथल्या संस्थांनी करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. सुरुवात विजेच्या धड्यापासून करू.