साडेबारा टक्के



उरण तालुक्यात जासईला पाच हुतात्म्यांचं स्मारक आहे. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. नवी मुंबईच्या अर्थकारणाबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

1970 मध्ये सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. शहर उभारायला पैसा कुठून आणायचा, याचं तिचं उत्तर सोपं होतं: 95 गावांची जमीन घ्यायची, रस्ते, पाणी, रेल्वे आणायची, भाव चढले की भूखंड विकायचे आणि त्यातून शहराचा पुढचा भाग, म्हणजे नोड, उभा करायचा. हिशेब जमला. पण चढलेल्या भावात मूळ मालकाला वाटा नव्हता. तो आंदोलनाने मिळवला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, ही त्या लढ्याची कमाई.

मात्र भूखंड मिळेपर्यंत वर्षं गेली. सातबारा, निवाड्याची प्रत, वारसाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून हेलपाटे मारणारी माणसं मी पाहिली आहेत. घड्यांवर कागद विरलेले. कित्येकांनी भूखंड हाती येण्याआधीच हक्क बिल्डरला विकून टाकला. त्यांना दोष कसा द्यायचा? घर तर चालवायचं होतं. आणि खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्यांचं काय? खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

पुण्यात हडपसरच्या मगरपट्ट्यात वेगळं घडलं. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केले, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे शेअर घेतले. शहर वाढलं तसं त्यांचं उत्पन्नही वाढलं. तिथे बरीचशी भावकी एकच होती, म्हणून ते सोपं गेलं, हे खरं. तरी मालकी न सोडता शहर उभं राहतं, हे तिथे दिसलं.

आता नवी मुंबई विमानतळाभोवती नैना हे नवं नियोजित शहरी क्षेत्र आकार घेतं आहे. तिथल्या नगररचना योजनेत 60 टक्के जमीन द्यायची आणि 40 टक्के विकसित भूखंड घ्यायचा, असं सूत्र आहे. पनवेल-उरणच्या बंधू-भगिनींनो, योजनेचा मसुदा गावात सगळ्यांनी मिळून वाचा, हरकती मुदतीत लेखी द्या, आणि भूखंड मिळाला की एकेकट्याने विकण्याआधी शेजाऱ्याशी बोला.