पाच हजारांची बाग आणि हिशोबाची वही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीत आतापर्यंत भाव, कर्ज आणि वीज यांवर बोलणे झाले. त्यांच्या पंगतीला शाळेची परसबाग आणून बसवली, तर काहींना हा पोरखेळ वाटेल. तरी दहा मिनिटे ऐका.

ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण बागांसाठी सूचना काढल्या. शाळेच्या आवारात मुलांनी भाजी लावायची, ती दुपारच्या आहारात घालायची आणि त्यातून शिकायचे. एका बागेमागे सरासरी ५,००० रुपये धरलेले आहेत. रक्कम लहान आहे, यात वाद नाही. पण ती वाढवून मागण्याआधी आहे त्या पाच हजारांत काय होते, ते पाहू.

कल्पना आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी खेड्यातल्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि त्यासाठी शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असे मांडले होते. पुढे वर्ध्याच्या नई तालीमने आणि १९८३ पासून पाबळच्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याची वाट चालून दाखवली.

आता पैशाचे. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा खर्च कुंपणाचा. शेळी एकदा आत शिरली की वर्षाचा अभ्यासक्रम एका दुपारी संपतो. गावाने बोराटीच्या फांद्या आणि बांबू दिले, की निम्मी रक्कम वाचते. उरलेल्यात खुरपी, कुदळ, घमेली, झारी आणि थोडे बी येते. बी शक्यतो सरळ वाणाचे घ्या, म्हणजे मुलांना पुढच्या वर्षासाठी धरता येईल. संकरित वाणाचे बी धरून तसेच पीक येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे ज्ञान घरच्या बियाण्यातून आले. तसे बी आपल्या मायबहिणींच्या उतरंडीत अजून आहे. वाल, दोडका, लाल भोपळा, अंबाडी यांचे मूठभर बी प्रत्येक घरातून आले, तर त्यावर एक रुपयाही लागत नाही.

पैसा किती येतो, याइतकेच तो केव्हा येतो, हे महत्त्वाचे. मार्चअखेर आलेला पैसा खर्ची पडतो, पण बाग उभी राहत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी आणि विहिरीला तळ. तेव्हा आपली पहिली मागणी ही, की रक्कम मृगाआधी शाळेच्या खात्यावर यावी. दुसरी गोष्ट पाण्याची. जेवणानंतर हात आणि ताटे धुतलेले पाणी चर काढून अळू, केळी आणि पपईकडे वळवा. उन्हाळ्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता ठेवा, त्यांच्या बुडाशी न भाजलेले नव्हे, पण झिरपणारे साधे मडके पुरा. सुट्टीत आठवड्यातून दोनदा मडके भरायला कोण येणार, त्याचे नाव जूनमध्येच फळ्यावर लिहा.

या बागेने शाळेची भाजीची गरज भागेल, अशी थाप मात्र कोणी मारू नये. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. चाळीस मुलांना रोज दोन किलो, वर्षाचे २२० दिवस धरले तर ४४० किलो. शाळेच्या एका गुंठ्यात शिकाऊ हातांनी तेवढी काढणे कठीण. आठवड्यातून एक-दोन दिवस ताटात ताजा पाला पडला, तरी बाग पावली.

मग बाप विचारतो, “शाळेतही पोराच्या हाती खुरपेच द्यायचे, तर त्याला शाळेत धाडले कशाला?” प्रश्न रास्त आहे. ज्याने आयुष्य चिखलात घातले, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. म्हणून माझी अट अशी, की खुरप्याबरोबर वही हवीच. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा, उगवलेले मोजा, की शेकडेवारी समजली. वाफ्याची लांबी-रुंदी मोजा, की क्षेत्रफळ आले. दुरून पाणी वाहायला मुलींना लावणे, शिक्षा म्हणून निंदायला बसवणे, हे ज्या शाळेत होईल तिथे बाग नसलेली बरी.

वहीचे शेवटचे पान सर्वांत मोलाचे. समजा, पाच मुलांनी महिनाभर रोज अर्धा तास मेथीच्या वाफ्यांत काम केले. तास झाले ७५. साठ जुड्या निघाल्या, दहाचा भाव धरला, तर ६०० रुपये. बी-खताचे १०० वजा केले. उरलेले ५०० भागिले ७५. तासाला सात रुपयेही पडत नाहीत. मुलांचा हात सावकाश म्हणून तास निम्मे धरा, तरी तेरा रुपये. हे गणित सातवीतल्या मुलीने स्वतः सोडवले, की ती घरी येऊन विचारणार, “बाबा, आपल्या कांद्यात तुमची आणि आईची मजुरी कुठे लिहिली आहे?” आपण भाषणे करून जे सांगतो, ते तिला एका वाफ्यात कळलेले असेल. ती पुढे शेती करो वा न करो, शेतकऱ्याच्या श्रमाची किंमत शून्य धरणारा हिशोब ती मान्य करणार नाही.

यासाठी वरून परवानगी आणायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. म्हणजे आपली माणसे तिथे बसलेलीच आहेत. त्यांनी पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारावेत. बागेची रक्कम आली का? केव्हा आली? कशावर गेली? उत्तर मुलांच्या अक्षरात शाळेच्या भिंतीवर लागावे.

प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला निदान एका शाळेची वही घेऊन यावे. भाजी नाही आणली तरी चालेल, वही मात्र आणा.