नदीकाठचा मुक्काम आणि हजेरीची यादी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



"तिकडच्या कॅम्पिंगबद्दल थोडं बोल," असं संयोजकांनी मला सांगितलं. आपल्या ग्रुपवर येत्या पावसाळ्यात नदीकाठी तंबूत राहायचा बेत शिजतोय, म्हणून विषय लगेच स्वीकारला.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं वेगळी आणि राष्ट्रीय वनं वेगळी. ही वनं कृषी खात्याच्या वन सेवेकडे असतात. तिथल्या साध्या तळावर प्रत्येक जागेला क्रमांकाचा खांब, एक टेबल-बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. मोबाइलला बहुतेक वेळा रेंज नसते. बऱ्याच छोट्या तळांवर पैसे घ्यायलाही कुणी नसतं. पाकिटात पैसे घालून ते लोखंडी नळकांड्यात टाकायचं आणि पावतीचा तुकडा खांबाला अडकवायचा. त्या नळकांड्याला लोक गमतीनं 'आयर्न रेंजर' म्हणतात, म्हणजे लोखंडी वनरक्षक! नदीचा आवाज ऐकत झोपण्याचं सुख मोठं आहे. आम्ही जवळजवळ दर उन्हाळ्यात जातो.

पण अशाच एका तळाची गोष्ट मला आज सांगायची आहे. आर्कान्सॉ राज्यातल्या वॉशिटा राष्ट्रीय वनात अल्बर्ट पाइक नावाचा तळ होता. अरुंद, खडकाळ दरी आणि अगदी लगत लिटल मिझुरी नदी. ११ जून २०१० च्या पहाटे, वरच्या डोंगरात झालेल्या जोरदार पावसानं नदी काही तासांत सुमारे २० फूट चढली. कुटुंबं तंबूत आणि गाड्यांत झोपलेली होती. २० जण गेले, त्यांत लहान मुलंही होती.

हवामान खात्यानं इशारा दिला नव्हता का? दिला होता, मध्यरात्रीनंतर. पण दरीत रेंज नव्हती आणि झोपलेल्यांना उठवणारा भोंगाही नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे : संदेश पाठवला म्हणजे तो पोचला असं नाही. पोच आली नाही, तर तो मिळालाच नाही असं धरून चालायचं. जिथे इशारा पोचणार नाही, तिथे आपणच आपला इशारा व्हायचं.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. तिथे मुक्कामाला कोण कोण आहे याची नोंद पुरातच वाहून गेली. शोध घेणाऱ्यांना किती माणसं शोधायची, हेच कळेना. आपल्या सहलींना सर एक यादी शाळेच्या ऑफिसात ठेवायचे, दुसरी स्वतःच्या खिशात, आणि एसटीत चढताना दर वेळी डोकी मोजायचे. त्याला 'बॅकअप' म्हणतात, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

म्हणून आमच्या घरी आता ठरलेलं आहे. तळाचं नाव, जागेचा क्रमांक आणि परतायची वेळ शेजाऱ्यांकडे लिहून ठेवायची. उजेड असतानाच उंचावर जाणारी पायवाट चालून बघायची, मुलांनाही दाखवायची. बूट आणि टॉर्च उशाशी. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, की सामान आणि गाडी सोडून पायी वर चढायचं.

आपल्याकडे हे आणखी लागू आहे. सह्याद्रीत घाटमाथ्यावर कोसळतं, तेव्हा खाली तळावर आभाळ कोरडं असू शकतं. शिवाय आपल्या कितीतरी नद्यांवर वर कुठेतरी धरण किंवा वीजकेंद्र आहे. कोलाडला कुंडलिकेचं राफ्टिंग चालतं तेच मुळी भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. पाऊस नसतानाही नदी वाढते, ती अशी.

तेव्हा बेत रद्द करू नका, फक्त दोन बदल करा. तंबू पावसाळा संपल्यावर ठोकूया, आणि तेही काठापासून चांगल्या उंचीवर. आणि यादी दोन ठिकाणी ठेवूया. एक प्रत बरोबर न येणाऱ्या कुणाकडे तरी हवी. सर, ती तुम्ही ठेवाल का? रविवारी संध्याकाळी आम्ही एकेक करून तुम्हाला फोनवर "हजर" म्हणू.