बाळंतपणातील हलगर्जी आणि बाळाचा हक्क
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हळदीकुंकू, पाककृतींच्या स्पर्धा आणि गाण्याच्या भेंड्या यांच्या जोडीला कायद्यावरचे एक व्याख्यान ठेवावे असे चिटणीसबाईंच्या मनात आले, आणि ते काम माझ्याकडे आले. विषय रुक्ष आहे खरा. पण ज्या घरात असे मूल आहे त्या घराला तो रुक्ष वाटायचा नाही.

मूल पाच महिन्यांचे झाले तरी मान धरीत नाही, एखाद्याचा एक हात लुळाच राहतो. मग घरात शोध सुरू होतो तो आईच्या चुकांचा. ग्रहणात तिने भाजी चिरली काय, सातव्या महिन्यात जिने चढली काय! वेणा सुरू झाल्यावर डॉक्टर किती तासांनी आले, हे मात्र कुणी विचारीत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्याच्या कागदावर लिहिलेले असते तो बाजूला राहतो, आणि त्या बिचारीला जन्मभर पुरेल असा दोष पदरात पडतो.

डॉक्टरांचीही बाजू सांगितली पाहिजे. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे ज्याला ते सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण प्रसूतीच्या वेळचे नसते. ते गर्भावस्थेतले किंवा अकाली जन्माचे असू शकते. परिणाम वाईट झाला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टराने जे केले असते ते केले की नाही, ही कोर्टाची कसोटी आहे.

आता हलगर्जी ओळखायची कशी? वेणा जोराच्या झाल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने आणि बाई जोर करू लागल्यावर पाच-पाच मिनिटांनी ऐकावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. ठोके मंदावलेले दिसूनही कुणी हलले नाही, किंवा ते ऐकलेच नाहीत, तर प्रश्न उभा राहतो. खांदा अडकला असता डोके वेडेवाकडे ओढले तर मानेजवळच्या मज्जातंतूंना इजा होऊन हात लुळा पडू शकतो. जन्मानंतरची कावीळ वाढू दिली तर मेंदूवर जाते. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९५२ साली नवजात बाळाला दहापैकी गुण देण्याची पद्धत काढली. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे ते गुण केसपेपरवर लिहिलेले असतात. पुढे सारा वाद अशा चार-दोन आकड्यांभोवती फिरतो.

म्हणून पहिले काम कागदांचे. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. आतला संपूर्ण केसपेपर, ठोक्यांची नोंद, औषधांचा तक्ता, संमतिपत्र आणि बाळाचे कागद लेखी अर्ज देऊन मागावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे असे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. ते तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे, हेही ध्यानात असू द्या. "मूल मोठे झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचे कागद तोवर रद्दीत गेलेले असतात.

डॉक्टरवर दावा करणे ही आजकालची टूम आहे असे कुणी म्हणाले, तर त्यांना पुण्याचा खटला सांगावा. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. पुण्यास आणल्यावर पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवले गेले आणि मुलगा दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. तरी ते कोर्टात गेले. भरपाई मिळाली तीन हजार रुपये, पण १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात डॉक्टरची कर्तव्ये सांगून ठेवली: रोगी हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही बाबतींत काळजी घेतली पाहिजे. आजही वकील त्या निकालाचा आधार घेतात.

पुढे १९८६ चा ग्राहक कायदा आला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा त्यात धरली. १९९८ साली, भलतेच इंजेक्शन दिल्याने मेंदूला इजा झालेल्या दिल्लीच्या एका मुलाच्या खटल्यात, मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाबद्दल वेगळे पाच लाख मिळाले. आईच्या दुःखाचीही भरपाई होते, हे त्या निकालाने ठरवले.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चेन्नईचा खटला. १९९६ च्या ऑगस्टमध्ये २९व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन सव्वा किलो. अशा बाळांचे डोळे पहिल्या काही आठवड्यांत तपासावेच लागतात, नाही तर नेत्रपटल खराब होऊ शकते. ते कुणी तपासले नाहीत, आईबापांना सांगितलेही नाही, आणि मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख दिले. वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१५ मध्ये निकाल लागला तेव्हा मुलगी एकोणिसाव्या वर्षात होती. न्यायालयाने पुढच्या औषधोपचाराचा खर्च महागाईसह मोजून एक कोटी अडतीस लाख आणि झालेल्या खर्चाचे सुमारे त्रेचाळीस लाख मंजूर केले. दवाखाना सरकारी होता, तरी सरकारची सुटका झाली नाही. मात्र जिथे सर्वांनाच सर्व सेवा फुकट मिळते, तो दवाखाना ग्राहक कायद्याबाहेर राहतो. तिथे दिवाणी कोर्टाचा किंवा उच्च न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

आता २०१९ चा नवा ग्राहक कायदा लागू आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. कोणत्या आयोगाकडे जायचे हे दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरते, मागणीवर नव्हे. ती रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला सज्ञान होईपर्यंत मुदतीची सवलत असते. आयोगापुढे तिच्या भरवशावर राहू नये.

वकिलाचा खर्च कोठून आणायचा, असे बायका विचारतात. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अपंगांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. खरी अडचण येते ती दुसऱ्या डॉक्टरचे मत मिळवण्याची. आपल्याच गावातला डॉक्टर शेजाऱ्याविरुद्ध लिहून द्यायला कचरतो. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या तज्ज्ञाकडे जावे.

कित्येक जण आधी पोलिसांत धावतात. तिथे अगदी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, हे २००५ सालीच ठरले आहे, आणि पोलीसठाण्यातून बाळाच्या औषधाला पैसे मिळत नाहीत. दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्या नातेवाइकांबद्दल तर काय बोलावे! २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नुकसानीची दुप्पट भरपाई उलट आपल्यालाच द्यावी लागते.

निकालाला वर्षे लागतात. मुलाचे स्नायू तोवर थांबत नाहीत. व्यायामोपचार आणि अपंगत्वाचा दाखला यांचे काम दाव्याच्या आधीच सुरू करावे. त्याचा प्रत्येक खर्च, अगदी रिक्षाभाड्यासकट, वहीत तारखेने लिहावा. पावत्या चिकटवून ठेवाव्यात. भरपाई मोजताना हीच वही उपयोगी पडते. मिळालेली रक्कम पुष्कळदा मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवली जाते, आणि व्याज त्याच्या खर्चाला मिळते. आपल्या माघारी काय, ही ज्या आयांना धास्ती असते त्यांनी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदाही माहीत करून घ्यावा. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी पालक नेमण्याची सोय त्यात आहे.

ज्यांना आपले कागद दाखवायचे असतील त्यांनी चहा झाल्यावर आतल्या खोलीत यावे. चारचौघींत बोलणे जमत नसेल तर चिटणीसबाईंकडे चिठ्ठी दिली तरी चालेल. मूळ कागद मात्र माझ्याजवळही ठेवू नका, नक्कल आणा.