आनंद पटवर्धनांचे माहितीपट
(माहितीपट दाखविण्यापूर्वीं झालेलें भाषण)



आज रात्रीं ज्यांचा चित्रपट तुम्ही पाहणार आहां, त्या आनंद पटवर्धनांचें आडनांव ऐकून तुमच्यापैकीं कांहींनीं नाक मुरडलें, तें मीं पाहिलें. खुशाल मुरडा. शेटजी-भटजींच्या लेखणीनें आपल्या बापजाद्यांचा इतिहास कसा लिहिला हें ज्यांनीं सोसलें, त्यांनीं कॅमेऱ्यामागें कोण उभा आहे हें विचारूं नये तर कोणीं विचारावें? पण आडनांवाचा जाब घेऊन झाल्यावर कामाचाही हिशेब पाहिला पाहिजे.

पटवर्धनांचा जन्म १९५० सालीं मुंबईंत झाला. बिहारांत १९७४ सालीं जयप्रकाशांची चळवळ पेटली, तिचें चित्रण त्यांनीं 'क्रांति की तरंगें' ह्या पटांत केलें. आणीबाणींत तो पट लपवावा लागला, तुकडे करून परदेशीं धाडावा लागला. नंतर राजकीय कैद्यांवरचा 'ज़मीर के बंदी' (१९७८), पुढें 'राम के नाम' (१९९२), मग अणुबाँबविरुद्धचा 'जंग और अमन' (२००२). ह्या शेवटल्या पटांतले प्रसंग कापा म्हणून सेन्सॉर बोर्ड अडून बसलें. पटवर्धनांनीं हायकोर्टांत धांव घेतली आणि २००३ सालीं एकही कात्री न लागतां पट सोडवून आणला. सरकारच्या तोंडाकडे पाहून पोट भरणाराला असलीं भांडणें परवडत नाहींत.

पण मला सांगावयाचें आहे तें शाहीर विलास घोगरे यांच्याविषयीं. 'हमारा शहर' (१९८५) हा मुंबईंत ज्यांच्या झोपड्या मोडल्या त्यांचा पट. इमले बांधणाराला शहरांत पाय ठेवावयास जागा नाहीं, असा तो उलटा न्याय! त्या पटांत घोगरे गायले. आपल्या सत्यशोधकी जलशांनीं गांवोगांव जें केलें तेंच त्यांनीं झोपडपट्टींत केलें.

११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जाब विचारण्यास रस्त्यावर आले, तों पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. दहा माणसें मेलीं. तें दुःख न सोसून थोड्याच दिवसांत घोगरे यांनीं आपल्या झोपडींत जीव दिला. उमर गेली लाल झेंड्याखालीं गाण्यांत. शेवटीं डोक्याला फडकें बांधलें तें निळें.

दुसरा कोणी असता तर दोन रडकीं गाणीं घालून वर्षभरांत मोकळा झाला असता. पटवर्धन चौदा वर्षें चित्रण करीत राहिले. निळें कां? पोटाची भाषा जाणणाऱ्या लाल झेंडेवाल्यांना जात कां दिसली नाहीं? हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. 'जय भीम कॉम्रेड' २०११ सालीं पुरा झाला. त्यांत पंडित फार थोडें बोलतात. वस्तीवरचे गाणारे बोलतात, कबीर कला मंचाचीं तरुण मुलें-मुली बोलतात.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. गाणारा आपला, मरणारा आपला, आणि कॅमेरा धरणारा हात पटवर्धनांचा. त्यांत त्यांचा दोष मी काढीत नाहीं. तो कॅमेरा आपल्या पोरांच्या, त्याहून आपल्या पोरींच्या हातीं कधीं यावयाचा, हें पट संपल्यावर आपण आपसांत बोलूं.

पट तीन तासांहून लांब आहे आणि रात्र गार आहे. ज्यांनीं घोंगडी आणली नसेल त्यांनीं आतांच घरीं जाऊन आणावी. तेवढा वेळ आपण थांबूं.