पुनवेच्या गर्दीत किती फ्रेम?



गेम बनवणाऱ्या मराठी मंडळींनी मोपाला जमायचे ठरवले आणि अध्यक्षपद मला दिले, याबद्दल आभार. ओपन वर्ल्ड गेममध्ये पेडणे तालुका उभा करायचा झाला तर कन्सोल कुठे कुठे अडखळेल, एवढाच आज माझा विषय.

हिशेब मिलिसेकंदांचा आहे. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला ३३.३ मिलिसेकंद येतात. ६० हव्या असतील तर १६.७. सावल्या, पाणी, माणसांच्या हालचाली, सगळे त्यातच बसवायचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. देखणा गेम. त्यात कॅमेरा बहुतांशी निर्मात्याच्या ताब्यात आहे. जे दिसणारच नाही ते रंगवावे लागत नाही. ओपन वर्ल्डमध्ये आपण कॅमेरा खेळाडूच्या हाती देतो, आणि तो नको तिथे बघतोच.

मोपाचा सडा त्यातल्या त्यात सोपा. जांभा दगड, विरळ झुडपे. लांबची घरे ढोबळ ठेवली तरी कुणाला कळत नाही. जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात ती धावपट्टी तर जवळजवळ फुकटच! पण खाली कुळागरात उतरा. गेममधली पोफळीची झावळी म्हणजे सपाट तुकड्यावर चिकटवलेले, मध्ये मध्ये आरपार दिसणारे चित्र. अशा झावळ्या एकीमागे एक आल्या की जीपीयू त्याच पिक्सेलचे काम पुन्हा पुन्हा करतो. वर पाऊस, तोही पारदर्शक. रिझोल्यूशन उतरवले तर भार हलका होतो, पण बारीक पाती लुकलुकायला लागतात. बचत नेमकी तिथेच डोळ्यांत खुपते.

आता कोजागरीला पेडण्याच्या पुनवेत चला. देवांची तरंगे निघालेली, माणसांची रेटारेटी. कोण कुठे वळेल, कोण कुणाला आपटेल, हे सीपीयू ठरवतो. इथे रिझोल्यूशन निम्मे केले तरी ढिम्म फरक पडत नाही. २०१४ चा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ पॅरिसच्या गर्दीपायी असाच धापा टाकत होता. दहा वर्षांनी आलेल्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ची शहरात शिरल्यावर तीच गत.

तिसरे दुखणे वेगाचे. दोडामार्गच्या रस्त्याला मोटारसायकल सुसाट सोडली की पुढचे जग साठवणीतून वेळेत यायला हवे. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलांवर असा कोलमडला की सोनीने तो आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, त्यामुळे हे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे.

या सगळ्यावर आपला उपाय म्हणजे क्वालिटी मोड आणि परफॉर्मन्स मोड. मला त्यात थोडा पळपुटेपणा दिसतो: ठरवायचे आपण, आणि ढकलायचे खेळाडूवर. २०२४ मध्ये पीएस५ प्रो दाखवताना त्याचे रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितले की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू परफॉर्मन्सच निवडतात. कौल मिळालेला आहे. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ने दिलेली ४० फ्रेमची वाट मला पटते. १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम तीन वेळा दाखवली जाते, तिला २५ मिलिसेकंद मिळतात. वेळेच्या हिशेबात हे ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये आहे. अर्थात तसा टीव्ही आपल्या किती घरांत आहे, हे तुम्हीच सांगा.

दुपारच्या सत्रात तुम्ही आपापले डेमो दाखवणार आहात. माझी विनंती एवढीच, की सूर्यास्ताचा सडा दाखवू नका. तुमच्या गेममधली सगळ्यांत गर्दीची जागा दाखवा, पाऊस चालू ठेवा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात मिलिसेकंदांचा आकडा उघडा राहू द्या.