हातातली वाट



आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही आज मूत्रपिंडाच्या रोग्यासंबंधी बोलण्यास उभे आहोत, त्याला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त यंत्रातून शुद्ध करावे लागते; बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. यंत्राला मिनिटाला तीनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त हवे. वरच्या नीलेत तेवढा जोर नसतो. रोहिणीत जोर असतो, पण ती खोल असते व वारंवार टोचणे धोक्याचे. यंत्र आहे, रक्त आहे, पण वाट नाही!

हॉलंडमध्ये कोल्फ यांनी १९४३ साली यंत्र चालविले, तेव्हा दर खेपेस नवी वाहिनी उघडावी लागे. १९६० साली सिअ‍ॅटलला स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या हातात कायमच्या बसविल्या. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स हा यंत्रकामगार होता, आणि त्यानंतर तो दहा वर्षांवर जगला. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो व आपेल यांनी मनगटापाशी कातडीखाली रोहिणीच नीलेला जोडली; १९६६ साली ते प्रसिद्ध झाले. रोहिणीचा जोर येताच नीला फुगते, जाड होते, सुई नीट बसते. हाच फिस्टुला.

आज वाटा तीन. फिस्टुला सहसा सर्वांत टिकाऊ, पण तो पिकायला दीड ते तीन महिने लागतात, आणि कधी पिकतही नाही. शिरा बारीक असल्यास कृत्रिम नळी जोडतात; ती लवकर वापरता येते, पण तीत गुठळ्या अधिक होतात. मानेतली नळी त्याच दिवशी चालते, मात्र तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात.

आमच्या एका सोबत्याला डॉक्टरांनी वेळेवर फिस्टुला करण्यास सांगितले होते. रजा बुडेल म्हणून त्याने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "बोनसचा तंटा मिटू दे." तंटा मिटला, तो मात्र धापा टाकीत इस्पितळात गेला. मानेत नळी बसली, दोनदा हुडहुडी भरून ताप आला. फिस्टुला नंतर झाला. कंपनी म्हणाली, वजन उचलता येत नसेल तर घरी बसा. तेव्हा आम्ही भांडलो व बसून करण्याचे काम मिळविले. पण भांडणाआधीची चूक आमचीच होती.

म्हणून सांगतो, रोग कळताच हाताच्या शिरा जपा. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, घट्ट घड्याळ वा बांगडी घालू नका. रोज बोटे ठेवून आतली थरथर पाहा. थांबली तर तत्काळ डॉक्टरांकडे जा. आणि कोणी रजेसाठी विचारले, तर आमच्यासारखे "थांब" म्हणू नका.